सहा फुटी पूलला डायव्हिंग बोर्ड? बोर्डाचं नंतर, आधी पाणी बघा

तर प्रश्न असा आहे : कर्जतजवळ फार्महाऊस, पूल ४० बाय २० फूट, उथळ बाजू ४ फूट, खोल बाजू ६ फूट. मुलगा बारा वर्षांचा, पोहायला चांगलं येतं, आता त्याला सूर मारायला शिकायचंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय आठ फुटी फायबरचा बोर्ड बसवून देतो, सगळीकडे बसवतो आपण, काही होत नाही. तर बसवू का, आणि पोराला शिकवू कसं? मी आधी स्वतः स्प्रिंगबोर्ड डायव्हिंग करायचो आणि नंतर बरीच वर्षं शिकवतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

बोर्ड बसवू नका. सहा फुटात पाण्यापासून एक मीटर उंचीचा तर नाहीच, पण पाण्याच्या फूटभर वर असलेला छोटा जंप बोर्डसुद्धा नको. आणि खरं सांगायचं तर त्या पूलमध्ये बोर्ड नसतानाही काठावरून डोक्याकडून सूर मारायला मी कुणालाच परवानगी देणार नाही, मग तो तुमचा मुलगा असो नाहीतर नॅशनल खेळलेला माणूस.

का ते आता नीट समजून घ्या, कारण नुसतं 'नको' म्हटलं की लोकांना वाटतं हा घाबरट आहे. मुलाला भिंतीला टेकून उभं करा, दोन्ही हात सरळ वर करायला सांगा आणि बोटांच्या टोकापर्यंत टेपने मोजा. बारा वर्षांचा पोरगा ५ फुटांच्या आसपास असेल तर हे माप सव्वासहा फुटांच्या आसपास येतं, मोठ्या माणसाचं सात-साडेसात. आता हेच माप उलटं करून पाण्यात घाला. सरळ उभा सूर मारला तर बोटं तळाला लागतात तेव्हा पावलं अजून पाण्याच्या बाहेर असतात! म्हणजे पाण्याला त्याला थांबवायला वेळच मिळालेला नाही. पाण्याच्या ज्या ब्रेकवर आपण भरवसा ठेवतो तो ब्रेक लागायच्या आधीच फरशी येते.

वेग किती असतो तेही बघा. काठावरून साधी उडी मारली तरी पाण्यात शिरताना ताशी पंधरा-सोळा किलोमीटर होतात. एक मीटरच्या बोर्डवरून उसळी घेतली की शरीराचा मध्य पाण्यापासून अडीच मीटरच्या आसपास जातो, तिथून खाली येताना ताशी पंचवीसच्या घरात. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून तर ताशी पन्नास. आणि अंग जितकं सरळ, जितकं सुबक शिरेल तितकं पाणी कमी अडवतं, म्हणजे पोरगं जसजसं चांगलं शिकत जाईल तसतसं ते जास्त खोल जाणार आहे, हे पालकांच्या लक्षातच येत नाही. पोटावर आपटणारा नवशिका वरच्या वर राहतो, त्याची कातडी लाल होते, बस. धोका त्याच्यापेक्षा अर्धवट शिकलेल्याला जास्त, ज्याला सूर जमायला लागलाय पण पाण्याखाली वळणं जमत नाही.

डोकं तळावर आपटलं की कवटी फुटते असं लोकांना वाटतं. कवटीला खोक पडते, टाके पडतात, ते भरतं. खरा घोळ मानेत होतो. डोकं थांबतं पण मागून येणारं अख्खं धड थांबलेलं नसतं, त्या सगळ्या वजनाचा दाब मानेच्या मणक्यावर सरळ रेषेत येतो आणि मणका फुटतो, बहुतेक वेळा पाचवा किंवा सहावा. आतला मज्जारज्जू दबला की मानेखालचं शरीर, हात-पाय सगळं जातं, आणि ते परत येईलच असं नाही. जगभरात अशा केसेस बघितल्या तर तोच तो साचा : तरुण मुलगा, उथळ पाणी, बरेचदा नवीन जागा, बरेचदा दारू. आपल्याकडे लोणावळा, अलिबाग, कर्जतच्या वीकेंडला हे सगळं एकाच ठिकाणी जमून येतं. शिवाय हल्ली रिसॉर्टवाले पूलच्या कडेला ते खोट्या दगडांचे धबधबे बांधतात, ती तर चढायला पायरीच करून दिलेली असते, खाली पाणी चार फूट.

आता बोर्डाला पाणी किती लागतं ते बघू. वर्ल्ड ॲक्वाटिक्स, म्हणजे पोहण्या-डायव्हिंगची जागतिक संघटना, पूर्वीची फिना, तिच्या नियमात एक मीटरच्या स्प्रिंगबोर्डच्या टोकाखाली कमीत कमी ३.४ मीटर पाणी लागतं, शक्यतो ३.५. म्हणजे सव्वाअकरा-साडेअकरा फूट. तीन मीटरच्या बोर्डला ३.७ ते ३.८ मीटर, दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मला ४.५ ते ५ मीटर. गंमत बघा, उंची एकवरून दहा मीटर झाली तरी खोली फक्त मीटर-दीड मीटरने वाढते. म्हणजे 'आमचा बोर्ड छोटाच आहे' म्हणून पाणी निम्मं चालेल असं गणित नाहीये. पहिली दहा-अकरा फुटं सगळ्यांनाच लागतात.

आणि नुसतं टोकाखाली खोल असून भागत नाही. सूर मारणारा पुढे जातो, म्हणून बोर्डाच्या टोकापासून पुढे जवळजवळ पाच मीटर तीच खोली टिकली पाहिजे, समोरची भिंत टोकापासून ९ मीटर दूर पाहिजे, बाजूच्या भिंती अडीच मीटर दूर, आणि वर छत असेल तर बोर्डापासून ५ मीटर. अमेरिकेत घरोघरी बोर्ड असायचे, नंतर भरपाईचे दावे आणि इन्शुरन्सच्या भानगडीत त्यातले बरेच गेले. तिथल्या त्या पूलमध्ये लोक बोर्डाच्या बरोबर खाली आपटायचे असं नाही, खोल खड्डा संपून तळ वर चढायला लागतो त्या चढावर डोकं जायचं. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला हे विचारा, 'खोल भाग किती लांब आहे', तो म्हणेल खोल बाजू आहे ना साहेब. बाजू नाही विचारली, लांबी विचारली.

तुम्ही म्हणाल मग खोल करून घेतो. करून बघू कागदावर. पूल ४० फूट म्हणजे १२.२ मीटर. बोर्डाचं टोक भिंतीपासून १.८ मीटर आत. तिथून पुढची भिंत १०.४ मीटर, लांबी पास. रुंदी ६.१ मीटर, मध्यावरून दोन्हीकडे तीन-तीन मीटर, तेही पास. पण ३.४ मीटर खोली सुरुवातीच्या ६.८ मीटरला लागणार, उरले ५.४ मीटर, त्यात तळ ३.४ वरून १.२ वर आणायचा. म्हणजे उथळ भाग असा काही राहतच नाही, सगळी घसरगुंडी, आणि ज्यांना पोहता येत नाही ती पाहुण्यांची पोरं त्या उतारावरून पाय घसरून सरळ अकरा फुटात. एक धोका काढून दुसरा घातला. शिवाय पाण्याचं बघा, सध्या तुमच्या पूलमध्ये साधारण १ लाख १३ हजार लिटर पाणी असेल, नुसत्या त्या खोल भागातच १ लाख ४० हजार लागेल, त्याला पंप वेगळा, फिल्टर मोठा, कर्जतला एप्रिल-मेमध्ये टँकर. म्हणूनच मोठ्या जलतरण तलावांवर डायव्हिंगचा टँक वेगळा बांधतात, त्याच पूलमध्ये घालत नाहीत.

इथे कुणीतरी म्हणणारच की आमच्या गावाकडे पोरं विहिरीत वीस-वीस फुटांवरून सूर मारतात, त्यांना कुठे काय होतं. मीपण विहिरीतच शिकलोय, पाठीला पांगारा बांधून. विहिरीत पाणी असतं वीस-पंचवीस फूट, आणि गावच्या पोरांना कपार कुठे आहे, मोटेचा दगड कुठे आलाय हे पाठ असतं. शिवाय नवीन पोराला कुणी सूर मारू देत नाही, त्याला मुटका, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन मारलेली उडी. सूर मारणारे चार-दोनच असतात आणि सीझनची पहिली उडी त्यातला जाणता मारतो, तीही पायाकडून. तरीही उन्हाळ्यात तिथेसुद्धा माना मोडतात, कारण पाणी दहा फूट खाली गेलं की उडी दहा फुटांनी वाढते आणि पाणी दहा फुटांनी कमी होतं, दोन्ही एकदम. दिवाळीत जिथे मजेत सूर मारला तीच विहीर मे महिन्यात वेगळी असते.

अजून एक फसवणूक नजरेची. पाण्यात तळ असतो त्यापेक्षा वर दिसतो, सरळ वरून बघितलं तर आठ फूट पाणी सहा फुटांसारखं दिसतं, तिरकं बघितलं तर अजूनच उथळ. हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं, म्हणून हुशार लोक उलटा हिशोब करतात, 'दिसतंय पाच म्हणजे असेल सात, मारा'. असा अंदाज बांधून सूर मारायचा नसतो. खोली पट्टीवर वाचायची, पट्टी नसेल तर आधी पायाकडून उतरून बघायची, रात्री तर विषयच नाही. आणि निळ्या टाइल्सच्या शांत पूलमध्ये वरून पाण्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे तेच कळत नाही. डायव्हिंग टँकमध्ये बोर्डाखाली पाण्यावर फवारे मारलेले दिसतात ते शोभेला नसतात, पडताना पाणी कुठे आहे ते डायव्हरला दिसावं म्हणून असतात.

आता मुलाचं. त्याला शिकायचंय ही चांगली गोष्ट आहे, मारू नका ती हौस, फक्त जागा बदला. अमेरिकन रेड क्रॉस डोक्याकडून उडीसाठी कमीत कमी ९ फूट पाणी सांगते, मीही काठावरून शिकवायला तेच धरतो, दहा असेल तर उत्तम. अशा पाण्यात पहिले काही दिवस फक्त पायाकडून, सरळ, हात अंगाला चिकटवून. नाकात पाणी गेलं की पोरं घाबरून हवेतच वाकडी होतात, ती भीती आधी जाऊ दे. मग भिंतीला पाय लावून ढकलायचं आणि हात कानाला चिकटवून बाणासारखं सरकत जायचं. हे कंटाळवाणं वाटतं आणि सगळे पालक विचारतात की सर सूर कधी, पण सूर म्हणजे हेच आहे, फक्त वरून सुरू केलेलं.

हातांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. एका तळव्यावर दुसरा तळवा, वरच्या हाताच्या अंगठ्याने खालचा पंजा धरून लॉक, कोपरं ताठ, दंड कानांवर दाबलेले. हे लॉक पाण्यात शिरल्यावर सुटता कामा नये. पोरं काय करतात, पाणी लागलं की लगेच हात मारून पोहायला लागतात, हात मागे गेले की पुढे फक्त डोकं उरतं. अपघात झालेल्या बऱ्याच लोकांचे हात आपटायच्या क्षणी पुढे नसतातच. म्हणून वेग पूर्ण संपेपर्यंत हात पुढेच. वर यायचं असेल तर बोटं वरच्या दिशेला वळवायची, हनुवटी थोडी उचलायची, पाठीची किंचित कमान, अंग आपोआप वर वळतं. हे वळवणं काठावर उभं राहून कोरडंच शंभर वेळा करवून घ्या.

मग क्रम साधा आहे. काठावर बसून, पाय गटरच्या (काठाला पाणी वाहून जायची पन्हळ असते तिच्या) कडेला टेकवून, पुढे झुकत झुकत आत. ते जमलं की एका गुडघ्यावर. मग उकिडवं, मग उभं राहून कमरेत वाकून. प्रत्येक टप्प्यावर पोरगं न सांगता हात लॉक ठेवतंय का बघा, नसेल तर मागच्या टप्प्यावर परत. काही पोरांना आठवडा लागतो, काहींना अख्खा सीझन, त्यात कमीजास्त काही नाही. पळत येऊन उडी नाही, उलटी उडी नाही, मागे वळून कोलांटी तर अजिबात नाही, ते सगळं कोचसमोर बोर्डवर.

एक वेगळा प्रकार आहे रेसिंग स्टार्टचा, त्यात लोक गोंधळतात. टीव्हीवर पोहणारे ब्लॉकवरून, म्हणजे काठावरच्या त्या उंच ठोकळ्यावरून, उडी मारतात ते पाणी फार खोल नसतं मग आमचं का नाही, असं विचारतात. नियमात ब्लॉक असेल तिथे भिंतीपासून १ ते ६ मीटरच्या पट्ट्यात कमीत कमी १.३५ मीटर खोली लागते. पण ते वर्षानुवर्षं सपाट स्टार्ट घोटून घेतलेल्या स्पर्धकांसाठी. सोसायटीच्या स्पोर्ट्स डेला चार फुटी पूलमध्ये ब्लॉक ठेवून पोरांना उड्या मारायला लावतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. पाण्यातून भिंतीला पाय लावून स्टार्ट द्या, कुणाचं मेडल कमी होणार नाही.

काठावरून सूर पक्का झाला की मग बोर्ड, आणि तो खरा स्प्रिंगबोर्ड. ॲल्युमिनियमचा, जवळजवळ ४.८ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, खाली फलक्रमचं, म्हणजे बोर्डाच्या टेक्याचं, चाक असतं ते पायाने पुढेमागे करून लवचिकता बदलते. नवीन पोरासाठी चाक पुढे, म्हणजे बोर्ड कडक. सुरुवातीला टोकाला चालत जायचं, वाकायचं, पडायचं. उसळी नंतर. नियम थोडेच आहेत पण ते मोडले की कोच त्या दिवशी बाहेर काढतो : बोर्डवर एका वेळी एकच जण, आधीचा माणूस बाजूला निघाल्याशिवाय उडी नाही, उडी सरळ पुढेच, बाजूला नाही, एकाच उसळीत उडायचं, नाचत बसायचं नाही, बोर्डाखालून पोहायचं नाही. गॉगल काढून, कानातले बोळे काढून, अंगठी-साखळी-कडं सगळं काढून. पाय कोरडे, म्हणून तर डायव्हर लोक तो छोटा पाणी शोषणारा नॅपकिन सतत बरोबर ठेवतात.

बोर्डाला कितीही सरावलेल्या माणसाने गृहीत धरू नये. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ग्रेग लुगानिससारख्या माणसाचं डोकं तीन मीटरच्या बोर्डला आपटलं, रिव्हर्स अडीच सॉमरसॉल्ट, म्हणजे पुढे उडी घेऊन मागे बोर्डाकडे अडीच कोलांट्या, मारताना. टाके घालून तो परत आला आणि गोल्ड जिंकला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १९८३ ला एडमंटनच्या युनिव्हर्सिएडमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जागतिक स्पर्धेत, सोव्हिएतचा सेर्गेई चालिबाशविली दहा मीटरवरून रिव्हर्स साडेतीन मारताना प्लॅटफॉर्मला आपटला आणि वाचला नाही, ती कुणी सांगत नाही. दोघांनाही पाणी भरपूर होतं, दोघेही जगातल्या वरच्या दर्जाचे होते. पुढे उडी घेऊन मागे फिरणाऱ्या या उड्यांमध्ये बोर्डापासून लांब जाणं हीच पहिली गोष्ट शिकवतात ती यासाठी.

फार्महाऊसला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एवढं करा. काठावर चारही बाजूंना खोली मोठ्या अक्षरात लिहा, फुटात आणि मीटरमध्ये, आणि 'डोक्याकडून उडी नाही' हे मराठीत आणि चित्राने, कारण पाहुणे इंग्रजी पाटी वाचतच नाहीत. पूलला चिकटून कुंडी, ओटा, चढायला सोपी भिंत असेल तर हलवा. जेवणं आणि दारू सुरू झाली की पूल बंद, घरमालक म्हणून थोडा वाईटपणा घ्या. पोरांना उड्या मारायच्याच असतील तर सहा फुटाच्या बाजूने, काठावरूनच, पायाकडून, गुडघे सैल ठेवून, आणि समोर कुणी नाही हे बघून.

आणि समजा कुणी आपटलाच तर सगळ्यात मोठं नुकसान पुष्कळदा वाचवायला गेलेले लोक करतात, चौघं मिळून काखेत हात घालून ओढतात आणि मान लोंबकळते. तो पाण्यात असेल तर पाण्यातच ठेवा, पाणी त्याला उचलून धरतंय. त्याचे दोन्ही हात डोक्यावर सरळ नेऊन दंडांनी डोकं दोन्ही बाजूंनी दाबून धरा, हळूच उताणा करा, तोंड पाण्याबाहेर, डोकं-मान-पाठ एका रेषेत, आणि १०८ ला फोन. सपाट कडक फळी आणि तीन-चार माणसं आल्याशिवाय बाहेर काढू नका. अपवाद एकच, श्वास चालत नसेल तर श्वास आधी, मान नंतर. लगेच बाहेर काढा, डोकं जमेल तेवढं सरळ धरून, आधी तोंडाने श्वास द्या आणि मग छाती दाबायला घ्या. आणि जो स्वतः चालत बाहेर आलाय पण म्हणतोय मान दुखतेय, हातात मुंग्या येतायत, त्यालाही आडवं ठेवा, हलू देऊ नका, मान चोळू नका, 'बघ बरं फिरते का' असं तर कुणी करूच नका. एक्सरे होईपर्यंत मणका मोडलाय असंच समजायचं.

मुलाला खरंच पुढे न्यायचं असेल तर मुंबईत दादरला शिवाजी पार्कजवळ महात्मा गांधी तलाव आहे, पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं संकुल आहे, आणि सोलापूरबद्दल तर काय सांगू, मार्कंडेय तलावावरून राज्याला किती डायव्हर मिळाले, डायव्हर ऋतिका श्रीराम सोलापूरचीच. तुम्हाला कर्जतहून दादर किंवा बालेवाडी जमेल. फक्त निघायच्या आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, डायव्हिंगचा कोच कोणत्या बॅचला असतो, आणि बोर्ड सध्या चालू आहे का, कारण बोर्ड असतो पण साखळी लावून बंद ठेवलेला असतो असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय.